खळ्यात वळवलेली फियाट

कोंडू मिस्त्रीची अट दोन वाक्यांची होती. गाडी सूर्य मावळायच्या आत मुरबाडला गॅरेजच्या दारात यायला हवी, कारण बल्बच्या उजेडात तो रंग तपासत नाही. आणि एक जरी ओरखडा दिसला, तर हरेश वेखंडेने त्याच्या दारात पुन्हा ट्रेलर उभा करायचा नाही.

मनाली दळवीने ही अट फोनवर ऐकली आणि हरेशला जशीच्या तशी सांगितली. मनाली शहापूरच्या एका पतपेढीत नोकरीला आहे. डोळखांबच्या पुढे एका पाड्यालगत गवताची बंद पडलेली वखार आहे. तिथे १९५६ सालची एक फियाट वीस वर्षं पेंढ्याखाली पडून होती. फुगीर बॉनेट आणि आखूड तोंड, त्यामुळे या गाडीला सगळे डुक्कर फियाट म्हणतात. मनालीने ती वखारमालकाकडून घेतली आणि तिथेच छपराखाली चार वर्षं, सुट्टीच्या दिवशी, तिचा गंज काढला, पत्रा ठोकून घेतला, किन्हवलीच्या पेंटरला आणून दुधाच्या साईच्या रंगाचे पाच हात दिले. आता बाहेरून गाडी नवी दिसत होती. आत इंजिन होतं, पण मुकं. ब्रेक लागत नव्हते. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेल्या गाड्या खोलणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता, मुरबाडचा कोंडू मिस्त्री.

"कुणाचाही ट्रेलर आण. हरेशचा नको," कोंडूने आधी सांगितलं होतं.

मनालीने कल्याणहून गाड्या उचलणारी लांब व्हॅन बोलावली. ती पाड्याच्या अलीकडच्या वळणावर, ओढ्याच्या मोरीपाशी अडकली आणि पाऊण तास मागे-पुढे करून परत गेली. त्या वळणावरून जाईल एवढा आखूड आणि फियाट मावेल एवढा रुंद ट्रेलर आसपास एकच होता. तो हरेशचा.

हरेशशी कोंडूचं वैर तीन वर्षांपूर्वीचं. कोंडूची भात मळायची मशीन हरेश टोकावड्याला पोचवत होता. हरेशचं घर गवतवाल्यांचं. वडील नथू यांनी चाळीस वर्षं बैलगाडीतून आणि मग टेंपोतून गवत वाहिलं. गवत बांधायची त्यांची रीत ठरलेली: वरून दोर टाकायचा, काठी घालून पीळ द्यायचा, आणि निघाल्यावर पहिला ओढा आला की थांबून पुन्हा पीळ द्यायचा, कारण गवत दबतं आणि दोर ढिला पडतो. हरेशने मशीनवरही तसाच दोर टाकला. पहिल्या ओढ्यापाशी मात्र थांबला नाही. लोखंड काय दबणार, असं त्याला वाटलं. लोखंड दबलं नाही, दोर ताणून लांबला आणि ढिला पडला. सातव्या किलोमीटरला, वळणावर, मशीन घसरून खाली आली. माणूस कुणी दगावला नाही. मशीन मात्र गेली. हरेश म्हणाला, रस्ता खराब होता. कोंडूने त्यानंतर त्याला काम दिलं नाही. कोंडूने नाही दिलं म्हणून दुसऱ्यांनीही दिलं नाही.

आटगावला बनवून घेतलेला तो ट्रेलर तेव्हापासून फक्त गवत वाहत होता. तबेले कमी होत चालले तसं गवतही कमी झालं. या जानेवारीत ट्रेलर एकोणीस दिवस दारात उभा होता. भिवंडीच्या एका गोदामात ड्रायव्हर म्हणून सोमवारी हजर होतो, असा शब्द हरेशने देऊन ठेवला होता.

कोंडूची अट सांगून झाल्यावर मनाली म्हणाली, "अजून एक बोलले ते. नीट आणली, तर पुढच्या हंगामाची सगळी यंत्रं त्यालाच."

"असं म्हणाला?"

"असं म्हणाले. पण हसले नाहीत."

"तो कधीच हसत नाय, ताई," हरेश म्हणाला. "कधी न्यायची?"

तो फेब्रुवारीतला गुरुवार होता. सकाळी दहाला हरेशने पिकअपने ट्रेलर वखारीच्या दारात उलटा लावला आणि सोडून ठेवला. बरोबर नथू होते. वय सत्तर, डोक्याला मफलर, खांद्यावर सुती दोराचं भेंडोळं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

फियाट छपरात तोंड आत करून उभी होती. पुढे अंगण अरुंद, एका बाजूला चिंच, दुसऱ्या बाजूला विहिरीचा कठडा. वळवायला जागा नव्हती. त्यामुळे ती जशी होती तशीच, शेपटीकडून, ट्रेलरवर ओढायची ठरली. हरेशने दोन लोखंडी उतरत्या फळ्या लावल्या, पुढच्या हातविंचचा तार गाडीच्या मागच्या एक्सलला अडकवला आणि दांडा फिरवायला लागला. मनाली गाडीत बसून स्टिअरिंग धरून होती. ब्रेक नसल्यामुळे दर वीतभर गाडी वर आली की नथू चाकामागे लाकडी ठोकळा सरकवत होते. पंचवीस मिनिटांत चारही चाकं वर आली.

"आता दोर टाक वरून," नथू म्हणाले.

"आबा, टपावरून दोर नाय टाकायचा."

"चाळीस वर्सं टाकला."

"गवतावर टाकलास. गवत दबतं. हिचा टप दबला तर ताई मला दाबतील."

मनालीने हसू दाबलं. हरेशने पिशवीतून चार रुंद पट्टे काढले. कोंडूची मशीन पडल्यावर त्याने ते आणले होते आणि तीन वर्षांत एकदाही वापरले नव्हते. प्रत्येक पट्ट्याला खटका होता. दांडा मागे-पुढे केला की कट-कट करत पट्टा ताणला जायचा. त्याने एकेक पट्टा टायरवरून घेतला आणि पुढे-मागे ट्रेलरच्या कड्यांत अडकवला. पत्र्याला पट्टा कुठेच लागत नव्हता.

"म्हंजे चाकं बांधली नि गाडी वर मोकळी?" नथू म्हणाले.

"हां. तिला स्प्रिंगा हायत. अंग बांधलं तर खड्ड्यात ती खाली बसणार, पट्टा ढिला पडणार, मग पुढच्या खड्ड्यात उडणार. वर हालू दे तिला हवं तेवढं. चाक हाललं नाय म्हंजे झालं."

"कुठं शिकलास?"

"मशीन पाडून."

"तुझी गाडी, तुझी अक्कल," नथू म्हणाले आणि दोराचं भेंडोळं घेऊन पिकअपमध्ये जाऊन बसले. काच वर केली.

त्यामुळे पुढची गोष्ट त्यांनी पाहिली नाही. हरेशने ट्रेलर पिकअपला जोडला तेव्हा ट्रेलरची पुढची दांडी त्याला एका हाताने उचलता आली. त्याला बरं वाटलं. गवताच्या ट्रेलरला हे चांगलं लक्षण धरतात. दांडी हलकी म्हणजे माल नीट बसला. एकट्याने जोडता येतो, एकट्याने सोडता येतो. त्याने हुक बसवला, खीळ घातली, दांडीखाली दोन साखळ्यांची फुली करून अडकवली, मागचे लाल दिवे मनालीला बघायला सांगितले. दोन्ही लागत होते. फियाटच्या चाकांच्या वाट्या आणि आरसे काढून मनालीने गोधडीत गुंडाळून आपल्या स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत ठेवले. ती स्कूटरवरून मागून येणार होती.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी ते निघाले.

मोरीपाशी ट्रेलर वळला. उजवीकडे चार बोटं जागा राहिली. मोरी ओलांडून हरेश थांबला, उतरला आणि चारही पट्टे तपासले. मागचा डावा दोन खटके घेऊन गेला. बाकीचे जागच्या जागी होते. काच खाली झाली.

"थांबलास," नथू म्हणाले.

"थांबलो."

"तेव्हा थांबला असतास तर."

"आबा, चाय पिणार का भांडणार?"

"दोन्ही."

किन्हवलीपर्यंत रस्ता खराब होता आणि वेग वीस-पंचवीसच्या वर गेला नाही. खड्ड्यांत फियाट स्प्रिंगांवर डुलत होती, चाकं हलत नव्हती. हरेश दर दोन मिनिटांनी आरशात बघत होता. किन्हवलीला चहा झाला. तिथून पुढे, सरळगावच्या दिशेने, रस्ता नवा होता, काळा आणि गुळगुळीत. तीन वाजले होते. उशीर झाला नव्हता, पण हातात फार वेळही नव्हता. हरेशने वेग पस्तीसवर नेला, मग चाळीसवर. सगळं ठीक होतं. नदीच्या पुलाआधीच्या उतारावर काटा पन्नासला टेकला.

आधी त्याला कमरेत जाणवलं. कुणीतरी मागून पिकअपची शेपटी धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढत होतं. त्याने आरशात पाहिलं. ट्रेलर रस्त्यावर झुलत होता आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होता. समोरून पुलावर एसटी चढत होती.

मागून मनालीने हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही.

तीन वर्षांपूर्वी, मशीन घसरायला लागली तेव्हा, हरेशने ब्रेक दाबला होता. या वेळी त्याचा पाय ब्रेककडे जाता जाता थांबला. त्याने फक्त एक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं. झोक्याला उत्तर दिलं नाही. पंचेचाळीस. चाळीस. ट्रेलर पांढरी रेघ ओलांडून गेला आणि परत आला. एसटीच्या ड्रायव्हरने गाडी पार कडेला घेतली. पस्तीस. झोके लहान झाले. तिसाला थांबले. एसटी बाजूने गेली तेव्हा तिचा ड्रायव्हर काहीतरी ओरडत होता, ते ऐकू आलं नाही हे बरं झालं.

पुलाच्या अलीकडे, डाव्या हाताला, रस्त्याला लागून मोकळी जागा होती. हरेशने गाडी तिथे थांबवली. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

मनाली स्कूटर टाकूनच धावत आली. "पट्टा तुटला का?"

पट्टा तुटला नव्हता. हरेशने चारही पट्टे ओढून पाहिले. एकही ढिला नव्हता. चाकं ठोकळ्यांना जशी टेकली होती तशीच होती. ट्रेलरच्या टायरमध्ये हवा होती. हुक घट्ट होता. त्याने दुसऱ्यांदा सगळं पाहिलं आणि मग ट्रेलरला हात लावून नुसता उभा राहिला. आपण काय चुकलो तेच कळत नव्हतं, आणि चूक कळल्याशिवाय पुन्हा पुलाकडे गाडी घ्यायची त्याची हिंमत नव्हती.

नथू सावकाश उतरले. पट्ट्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते सरळ दांडीपाशी गेले, वाकले, तिला खालून एक हात लावून वर रेटलं. पिकअपची शेपटी दोन बोटं उचलली गेली.

"उलाळ झालीय," नथू म्हणाले.

"काय?" मनालीने विचारलं.

"बाय, बैलगाडी भरताना भार मागं गेला की दांड्या वर जातात. जू बैलांच्या मानेवरनं उचलतं नि गळ्याला लागतं. मग गाडी बैलांचं ऐकत नाय, बैलांना हालवते. तिला उलाळ म्हणतात. मानेवर थोडा भार पायजेच. या गाडीत जड काय हाय?"

"इंजिन."

"नि इंजिन कुठं हाय?"

तिघांनीही फियाटकडे पाहिलं. गाडी शेपटीकडून चढवलेली. इंजिन ट्रेलरच्या पार मागच्या टोकाला, चाकांच्याही मागे.

हरेशने कपाळावर हात मारला. "एका हातानं उचलली मी दांडी. उचलून खूश झालो."

"गवतवाला ना तू," नथू म्हणाले.

"आबा, मग बोललास का नाय तिथंच?"

"मला कुणी इचारलं? मी काच वर करून बसलो व्हतो."

मनालीने घड्याळ पाहिलं. "हळू हळू नेली तर? वीसच्या स्पीडने?"

हरेशने त्याचाही विचार केला होता. सरळगावपर्यंत जमलं असतं. पुढे मुरबाडपर्यंत मोठा रस्ता आणि माळशेजकडून येणारे ट्रक. ट्रक शेजारून गेला की वाऱ्याचा धक्का बसतो. "पोचेल पण," तो म्हणाला, "पण नशिबानं पोचेल. उतरवून फिरवू या. तोंड पुढं करून पुन्हा चढवू."

"इथे? ब्रेक नाहीत तिला."

"सपाट जागा पायजे. कडक." त्याने आजूबाजूला पाहिलं. रस्त्यापासून वीस पावलांवर एक खळं होतं. शेणाने सारवलेलं, घोटून गुळगुळीत केलेलं, गाडी मागे-पुढे करून फिरवता येईल एवढं मोठं. एका कोपऱ्यात चार बायका वाल झोडत होत्या.

त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई हातात सूप घेऊन आधीच उभी राहिली होती. खळं तिचं होतं. नाव बाईजा.

"ओ, कुठं आणताव ती?" तिने लांबूनच विचारलं.

"मावशी, अर्धा तास खळं द्या. गाडी फिरवायचीय फक्त."

"खळ्यात चपला काढून येतात, ठाव नाय? नि तुमी चार चाकांची आणताव?"

"मावशी, ही चाकं कित्येक वर्सं रस्त्याला लागलीच नायत. कालपर्यंत छपरात होती."

"मग तुझ्या पायांना लागलाय ना रस्ता? पाय धू. नि तिची चाकं पन धू. मग आण."

हरेशने नथूकडे पाहिलं. नथूंनी आधीच चपला काढल्या होत्या.

"धुवायलाच लागतील," ते म्हणाले. "धान्याची जागा हाय."

मनालीने सँडल काढून खळ्याजवळच्या हौदातून बादली भरून आणली. ट्रेलरवरच चारही टायर धुतले गेले. बाईजा सूप कमरेला लावून बघत होती. "आतली बाजू पन," ती म्हणाली. आतली बाजूही धुतली. धुवून झाल्यावर ओल्या रबरावर पट्टा सरकेल हे हरेशच्या लक्षात आलं, तेव्हा बाईजानेच मूठमूठ पेंढा फेकला. "पूस त्यानं. घोडा पुसल्यागत पूस."

मग ट्रेलर खळ्याच्या कडेला आला. उतरत्या लागल्या. विंचचा तार ताणून ठेवून हरेशने एकेक खटका सोडत फियाट खाली घेतली. चार वर्षांनी, खरं तर चोवीस वर्षांनी, ती चारही चाकांवर मोकळ्या जागी उभी राहिली. उन्हात साईचा रंग चमकला. वाल झोडणाऱ्या बायका हातातली झोडणी टाकून आल्या.

"लग्नाची हाय का गो?" एकीने विचारलं.

"दुरुस्तीची," मनाली म्हणाली.

"कुणाची?"

"माझी."

"नि हे दोघं?"

"हे पोचवणारे."

"पोचवतील?" बाईजा म्हणाली. "मघाशी रस्त्यावर नाचत व्हते."

ब्रेक नसलेली गाडी माणसांनी धरून फिरवायची, तर ढकलणाऱ्यांइतकेच थांबवणारे लागतात. हरेशने माणसं वाटली. मागे स्वतः आणि दोन बायका, पुढे बॉनेटला हात न लावता बंपर धरून उरलेली एक आणि बाईजा. नथूंच्या हातात दोन ठोकळे. मनाली स्टिअरिंगवर. "हाताच्या तळव्यानं ढकला. बांगडी लागू देऊ नका," तो म्हणाला.

बायकांनी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बाईजाने डोक्यावरचा टॉवेल काढून बंपरवर घडी घातली.

पुढे दहा हात. ठोकळा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. मागे आठ हात. ठोकळा. पुन्हा पुढे. पाचव्या खेपेला गाडी पूर्ण फिरली आणि तिचं तोंड ट्रेलरकडे झालं. एकदा, तिसऱ्या खेपेला, ती नथूंच्या ठोकळ्यावरून सरकायला लागली होती. तेव्हा बाईजा पुढून ओरडली, "ए बाय, थांब!" आणि ती कुणाला म्हणाली हे कळायच्या आत पाच जणांनी गाडीला जागच्या जागी धरलं होतं.

विंच पुन्हा फिरला. फियाट या वेळी तोंडाकडून वर चढली. हरेश थांबला. नथू दांडीपाशी गेले. ट्रेलर पिकअपपासून सोडलेला होता. त्यांनी दांडी दोन्ही हातांनी उचलून पाहिली.

"अजून वीतभर पुढं घे."

हरेशने घेतली.

"चार बोटं अजून. हां. बास. आता उचल तू."

हरेशने एका हाताने उचलून पाहिली. हलली नाही. दोन हातांनी उचलली. जेमतेम गुडघ्यापर्यंत आली. नथूंनी दुसरा हात दिला तेव्हाच ती हुकावर चढली. पिकअपची शेपटी तीन बोटं खाली बसली.

"आता बैल चालतील," नथू म्हणाले.

चार पट्टे पुन्हा टायरवरून गेले. कट-कट आवाज खळ्यावर घुमला. बाईजाच्या एका सुनेने तो खटका दोनदा करून पाहायला मागितला आणि तिला करू दिला. हरेश पिकअपकडे निघाला, तोच मनाली म्हणाली, "थांबा. दरवाजे."

या फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात. बिजागऱ्या मागच्या बाजूला, मूठ पुढे. गाडी शेपटीकडून जात होती तेव्हा वारा दरवाजा दाबून बंद ठेवत होता. आता तोंड पुढे होतं. डाव्या दरवाजाची कडी आधीच ढिली होती. जरा फट पडली असती, तर वाऱ्याने दरवाजा पंखासारखा मागे फेकला असता आणि पत्र्यासकट बिजागरी गेली असती.

बाहेरून पट्टा बांधला तर रंगावर घासणार. हरेश काही बोलायच्या आत नथू पिकअपकडे गेले आणि दोराचं भेंडोळं घेऊन आले. खिडकीतून वाकून त्यांनी डाव्या दरवाजाच्या आतल्या मुठीला दोर बांधला, सीटवरून पलीकडे नेला, उजव्या दरवाजाच्या मुठीतून काढला, आणि मध्ये एक छोटी काठी घालून तीन पीळ दिले. दोन्ही दरवाजे आत ओढले गेले. पत्र्याला दोर कुठेच लागला नव्हता.

"टाकलास शेवटी दोर," हरेश म्हणाला.

"तू वरनं टाकू दिला नाय. मी आतनं टाकला."

निघताना बाईजा रस्त्यापर्यंत आली. "याच रस्त्यानं परत येताव ना? मग सांगून जा काय झालं ते. नायतर रात्रभर मला वाटत राहील."

"थांबायला टाइम नाय मिळाला तर?"

"मग हॉर्न मार. नीट पोचली तर दोनदा. पडली तर मारू नको, गप जा."

चार वाजून पन्नास मिनिटांनी ते पुलावर चढले. पलीकडच्या मोरीपाशी हरेश थांबला, पट्टे पाहिले, नथूंनी काठीला अर्धा पीळ दिला. नंतरच्या उतारावर हरेशने मुद्दाम वेग चाळीसपर्यंत नेला आणि आरशात पाहत राहिला. ट्रेलर पिकअपच्या मागे रेघेवर ठेवल्यासारखा येत होता. पंचेचाळीस. तरी तसाच. नथूंनी मफलर काढून मांडीवर ठेवला.

सरळगावनंतर मोठ्या रस्त्यावर तीन ट्रक लागोपाठ बाजूने गेले. प्रत्येक वेळी हरेशने श्वास धरला. प्रत्येक वेळी ट्रेलरने वाऱ्याचा धक्का घेतला आणि तिथल्या तिथे जिरवला. मागे मनाली हॉर्न वाजवत नव्हती. तिच्या स्कूटरचा दिवा आरशात एका जागी होता.

सहा वाजून चार मिनिटांनी ट्रेलर कोंडू मिस्त्रीच्या गॅरेजसमोर उभा राहिला. ऊन पिवळं झालं होतं, पण होतं.

कोंडू हात पुसत बाहेर आला. साठीचा, बारीक, चष्मा दोरीने गळ्यात. त्याने हरेशला "ये" म्हटलं नाही. चष्मा लावला आणि गाडीभोवती फिरायला सुरुवात केली. सगळी गाडी खाली उतरवायच्या आधी त्याला ट्रेलरवरच बघायची होती. तो चाकांच्या कमानीखाली वाकला. पट्टा टायरवरून कसा गेलाय ते बोटाने मागोवा घेत पाहिलं. बंपरला नाक लावलं. दरवाजाच्या कडा, टपाची कड, बॉनेटची फट. खिडकीतून आत डोकावला आणि दोर पाहिला.

"हा कुणाचा?"

"माझा," नथू म्हणाले.

कोंडू पुढे सरकला. पुढच्या चाकापाशी मात्र थांबला. नखाने टायरच्या खाचेतून काहीतरी काढलं आणि तळहातावर धरलं. वालाचं फोलपट.

"वखारीत गवत होतं ना," तो म्हणाला. "वाल कुठून आले?"

मनालीने हरेशकडे पाहिलं. गाडीवर ओरखडा नव्हता. वखारीच्या शेजारी वालाचं शेत आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खरंही होतं.

"मधे उतरवली होती," हरेश म्हणाला. "किन्हवलीच्या पुढं, खळ्यात. मी शेपटी पुढं करून चढवली होती. पन्नासला झुलायला लागली. माझी चूक होती. आबांनी ओळखलं. मग फिरवून चढवली."

"ब्रेक मारलास?"

"नाय. पाय काढला फक्त."

"मागच्या टायमाला काय बोलला होतास?"

"रस्ता खराब होता बोललो होतो."

"रस्ता कसा होता?"

"रस्ता बरा होता, मिस्त्री. मी पहिल्या ओढ्याला थांबलो नव्हतो."

कोंडूने ते फोलपट फुंकून उडवलं. चष्मा काढून गळ्यात सोडला. मग त्याने ट्रेलरची दांडी खालून एक हात लावून रेटून पाहिली. हलली नाही. त्याने दुसरा हात लावला, तरी नाही.

"उतरव," तो म्हणाला. "सावकाश. आणि शनिवारी सकाळी आठला ये. दोन पॉवर टिलर न्यायचेत टोकावड्याला. जिथे मशीन पाडलीस त्याच रस्त्याने. पट्टे हेच आण."

"येतो."

"आणि यांना पण आण," कोंडू नथूंकडे बघून म्हणाला.

"मला इचारलंस?" नथू म्हणाले. "मी काय काच वर करून बसणारा माणूस हाय."

तेव्हा कोंडू हसला. मनालीने ते पाहिलं, आणि पुढे कित्येक दिवस ती ते लोकांना सांगत होती.

फियाट खाली उतरली ती सहा पस्तीसला. सूर्य गेला होता, उजेड थोडा बाकी होता. मनालीने गोधडी उघडून आरसे आणि वाट्या कोंडूच्या टेबलावर मांडल्या. हरेश गॅरेजच्या बाहेर आला, भिवंडीला फोन लावला आणि सोमवारी येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या माणसाने कारण विचारलं. "ट्रेलर चालू झाला," एवढंच तो म्हणाला.

परतताना रिकामा ट्रेलर खडखडत होता. सरळगाव गेलं, उतार गेला, पूल आला. पलीकडे खळ्याच्या कडेला कंदील नव्हता, पण पिकअपच्या दिव्यांत झोपडीच्या पुढे माणसं बसलेली दिसत होती. हरेशने हॉर्न दोनदा दाबला.

अंधारातून बाईजाचा आवाज आला. काय म्हणाली ते कळलं नाही, पण मागोमाग चार बायकांचा हसण्याचा आवाज आला आणि कुणीतरी सुपावर काठी बडवायला लागलं.

"दोनदाच सांगितलं व्हतं तिनं," नथू म्हणाले, कारण हरेशने तिसऱ्यांदा हॉर्न दाबला होता, आणि मग चौथ्यांदा, आणि पुढच्या वळणापर्यंत तो दाबतच राहिला.